मामांनी टोचलेली ओळ

हे लिहायचं मी पंधरा वर्षं टाळलं. आधी नोकरी होती, मग तब्येतीचं कारण सापडलं. आता मामाही राहिले नाहीत.

श्रीगोंद्याकडच्या आमच्या संशोधन केंद्रावर मामा शेतमजूर होते; सगळेच त्यांना मामा म्हणत. टोमॅटोच्या खोडावर गाठी आणणाऱ्या जिवाणूवर माझं काम चाले. जिवाणूच्या पाण्यात सुई बुडवून मामा रोपं टोचायचे आणि महिन्याभराने मी गाठी मोजायचो. मामांना जवळचं नीट दिसत नसे, पण चष्मा लावायला ते तयार नव्हते. ते खोडावरून अंगठा फिरवत आणि गाठ माझ्या डोळ्यांना दिसण्याच्या आठवडाभर आधी सांगत, "हिला येनार. हिला न्हाई." माझ्या पदव्यांना ते कधी जमलं नाही. केंद्राचे मोठे साहेब पाहुण्यांसमोर म्हणायचे, "अहो, तुमच्या सूक्ष्मदर्शकाला मामांचा अंगठा जोडून घ्या." पाहुणे हसत. मीही हसायचो आणि घरी जाऊन बायकोवर चिडायचो.

कुठल्याही रोपाचं मामा आधी घराणं विचारत. "सोयरीक करताना मानसं आई-बाप बघत्यात, साहेब. झाडाचं का न बघावं?" माझं मत वेगळं होतं. गाठ लहान-मोठी होते ती रोपाला मिळणाऱ्या कमी-जास्त पाण्यामुळे, असं मी अहवालात लिहूनही बसलो होतो. मामांनी वाद घातला नाही. गाठ न आलेल्या एका झाडाचं बी त्यांनी तीन हंगाम वेगळं धरलं आणि मोठ्या साहेबांना विचारून सगळंच्या सगळं एका ओळीत लावलं. पाणी साऱ्या ओळींना सारखंच होतं. शेजारी लिंबाएवढ्या गाठी आल्या. मामांची ओळ स्वच्छ राहिली.

मोठे साहेब पाहायला येणार त्या सकाळी मी आधी एकटाच जाऊन त्या ओळीत वाकलो. प्रत्येक खोडावर सुईचा बारीक, वाळलेला व्रण होता. तासाभराने मी मोठ्या साहेबांना म्हणालो, "ही ओळ टोचायची राहिलेली दिसते. मामांचं वय झालं आता."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मामा बाजूलाच उभे होते. "टोचल्याली वाटती मला," ते म्हणाले. मग थांबून, "पर तुमी बघितलंय, तर राहिली आसंल." ओळ त्यांनीच उपटली.

त्यानंतर त्यांना फाटकावर बसवलं. एकदा मी मुद्दाम एक रोप त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी अंगठा लावला नाही. "नगं साहेब. माझा हात इसरतोय आता."

गेल्या वर्षी मी सगळं सांगून टाकायचं ठरवून कर्जतजवळच्या त्यांच्या गावी गेलो. सूनबाईने चहा आणला. मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात मामांनीच हात जोडले.

"साहेब, लई दिस बोलायचं हुतं. म्या ती ओळ इसरलो, तुमचं एक वरीस वाया गेलं. माफी करा."

माझ्या हातात कप होता. मी म्हणालो, "असू द्या, मामा."