परक्या मजारीवरचं ताट

धायरीच्या कौशल्याबाईंना देवाकडे काही मागायचं असलं, की त्या पेठेतल्या एका लहानशा दर्ग्यात जात. घरात खंडोबा होता, पण तो घरचा. त्याला ऊठसूट त्रास द्यायला त्यांना संकोच वाटे. नवरा कोंडीराम गेला आणि एकुलत्या योगेशच्या डोक्यात अमेरिका शिरली, तेव्हा त्यांनी दर्ग्याच्या जाळीला दोरा बांधला. म्हणाल्या, "पोराला तिकडं जाऊ दे बाबा. जीव हाय तोवर दर गुरुवारी लंगराच्या चपात्या माझ्याकडं."

योगेश गेला. बाईंनीही शब्द पाळला. सिंहगड रोडवर बस तासन्‌तास अडकली, गुडघे बोलायला लागले, तरी गुरुवार चुकला नाही. भावकीतल्या बायका नाकं मुरडत, "पोरगं अमेरिकेत आन ही फकिरांना भाकऱ्या थापतीय" म्हणत. बाई ऐकून न ऐकल्यासारखं करत. बोलणाऱ्यांची पोरं कुठे होती, ते त्यांना ठाऊक होतं.

लंगराचं काम दर्गा सांभाळणाऱ्या मुजावरांच्या बहिणीकडे, हमीदाआपांकडे होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी बाईंना एक गोष्ट बजावली. जेवायला बसलेल्याला काही विचारायचं नाही. कोण, कुठला, काम करतो की नाही, काही नाही. "विचारलंत की तो पुढच्या गुरुवारी येत नाही," आपा म्हणाल्या. "मग तो कुठे जेवतो, जेवतो की नाही, आपल्याला कळतसुद्धा नाही." बाईंना हे अंगवळणी पडायला वेळ लागला. धायरीत माणसाला पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी त्याच्या मामाचं गाव विचारतात. पण एकदा पटलं, ते पटलं. त्या खाली बघून वाढायला शिकल्या. हळूहळू न विचारताच त्यांना कळू लागलं, की कोण प्रसाद म्हणून घास खातोय आणि कोण खरंच उपाशी आलाय.

हमीदाआपांची लेक अमेरिकेत होती, योगेशच्या शहरापासून तासाभरावर. तिच्या घराजवळ शेताच्या मधोमध एका सूफी बाबांची मजार होती. बाबा आपल्याकडूनच कधीतरी तिकडे गेले आणि तिथल्याच मातीत निजले. आपा सांगत, तिथे गोरे येतात, काळे येतात, हैदराबादचे येतात, बर्फात बूट काढून आत जातात. अगरबत्तीचा वास आपल्यासारखाच, पण गडबड नाही की पाकीटमार नाही. रविवारी सगळ्यांना बसवून वरण-भात वाढतात. बाईंना फार नवल वाटलं. त्यांनी योगेशला फोनवर सांगितलं, "एकदा जाऊन डोकं टेकवून ये. नवस तुझ्यासाठीच व्हता."

तो हसला होता. "आई, मी इथे दर्गे शोधत फिरू?"

आणि मग गेल्या वर्षी एकदा आपणहून म्हणाला, की जातो आता तिथे, दर रविवारी. मन शांत होतं. बाईंना इतका आनंद झाला, की त्या गुरुवारी त्यांनी घरच्या पैशाचा शिरा केला आणि वाढताना खाली बघायचंही विसरल्या.

यंदा हमीदाआपा लेकीकडे जाऊन आल्या. परत आल्यावर पहिल्याच गुरुवारी चुलीपाशी सगळ्या बायकांना बोलावून त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ लावला. "तुमचा योगेश भेटला, कौशल्याताई. किती श्रद्धाळू पोरगा. बघा."

मजारीचा पांढरा घुमट दिसला. मग लांब सतरंजी, पंगत, आणि पंगतीत योगेश. बायका म्हणाल्या, नशीब काढलंत. बाई मात्र बघत राहिल्या. योगेशने डावा हात ताटाभोवती धरला होता. मान वर नाही, शेजाऱ्याशी बोलणं नाही. ज्या पोराने लहानपणी वरणातला टोमॅटो वेचून काढल्याशिवाय घास घेतला नाही, तो ताट बोटांनी निपटत होता. बाकीचे उठले, तरी तो बसून होता, आणखी कोणी वाढायला येतंय का बघत. तव्यावरची चपाती करपली, तेव्हा आपांनी मोबाइल बाजूला ठेवला आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. आपांनाही मग कळलं. आपल्याच मोबाइलमध्ये होतं आणि आपल्याला दिसलं नाही, याची त्यांना लाज वाटली.

आपांच्या लेकीने चौकशी केली. योगेशची नोकरी कधीचीच गेली होती. व्हिसाच्या कागदपत्रांची मुदत संपली होती. खोली सुटली होती, तो गाडीत झोपत होता.

"त्याला काही विचारू नका," हमीदाआपांनी हात धरला. "माझी लेक बघेल. दर रविवारी येतो ना, तेवढं राहू द्या. तिथूनच काहीतरी वाट निघेल."

बाईंनी दोन दिवस कळ काढली. त्यांच्यातली पंगतीत वाढणारी बाई गप्प बसली असती, पण आई कशी बसणार? फोन आला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"योगेश, उपाशी ऱ्हातोस का रं?"

तिकडे तो हसला. "काहीतरीच काय, आई. कोणी सांगितलं?"

"म्या बघितलं तुला. पंगतीत. घरी ये, बाळा. मला काय नको, तू फकस्त ये."

"मी तिथे श्रद्धेने जातो," तो म्हणाला. आवाज एकदम कोरडा झाला होता. "मीटिंग आहे. ठेवतो."

पुढच्या रविवारी आपांच्या लेकीने त्याच्यासाठी जागा धरून ठेवली. तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्याची गाडी उभी राहायची तिथे आता दुसऱ्याच कोणाची गाडी होती. बाईंनी कपाळ बडवून घेतलं. आपल्याच हाताने लेकराच्या पुढचं ताट ओढलं, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

महिन्याने एका सोमवारी संध्याकाळी हमीदाआपा धायरीला आल्या. लेकीचा निरोप होता, कालही तो फिरकला नाही. त्या सांगत होत्या तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. योगेश होता. बाईंनी स्पीकर लावला.

"आई, काल मजारीवर गेलो होतो," तो मोकळ्या आवाजात म्हणाला. "डाळ होती, भात होता, वर खीरसुद्धा. पोटभर जेवलो."

हमीदाआपांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"बरं केलंस," कौशल्याबाई म्हणाल्या. "खीर ग्वाड व्हती ना?"