स्कार्फच्या काठावर काय लिहिलं होतं

"वाचता येत नाही म्हणून कोण्ही हसत नाही, मुली. विचारत नाहीस म्हणून हसतात." वीसेक वर्षांपूर्वी तांबरम स्टेशनबाहेर सरोजा अक्कांनी मला हे ऐकवलं होतं. बसवरची तमिळ पाटी न वाचताच मी भलत्या बसमध्ये चढले होते आणि दोन तासांनी घामाघूम होऊन परतले होते. अक्का माझ्या घरमालकीण. तंजावरकडचं मराठी कुटुंब, कित्येक पिढ्या तिकडेच राहिलेलं. कापडाच्या डिझाइनची पहिली नोकरी चेन्नईत लागली तेव्हा मी त्यांच्या मागच्या खोलीत दीड वर्ष राहिले.

यंदा डिसेंबरात पुन्हा जायचं ठरलं, कारण नुंगंबाक्कमच्या एका दुकानाने माझे रेशमी स्कार्फ तीन दिवस मांडायला बोलावलं. तेवढ्यात अक्कांना भेटू आणि त्यांना एक स्कार्फ देऊ, असं मनात होतं. पुण्याहून जाणार असाल तर रेल्वेने जा. एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा बराच भाग जातो, पण सोलापूरनंतर जमिनीचा रंग कसा बदलत जातो ते बघायला मिळतं. डिसेंबरात चेन्नईत गाण्याच्या मैफलींचा हंगाम असतो, खोल्या महाग होतात. महिनाभर आधी बुकिंग करा आणि एक पातळ शाल ठेवा. थंडीसाठी नाही, सभागृहांतल्या एसीसाठी.

पहिल्या दिवशी दुकानात मांडामांड केली. माझ्या वाचकांतल्या अनेकींना स्कार्फचं वेड आहे, म्हणून थोडं सांगते. रेशमी चौकोन गळ्याला बांधणं ही फ्रेंच गोष्ट समजली जाते, पण त्याच्या कितीतरी आधी बंगालचे बांधणीचे रेशमी रुमाल जहाजांनी युरोपात जात होते. 'बांधणी'तूनच 'बंदाना' हा शब्द आला म्हणतात. या मद्रासच्या किनाऱ्यावरूनही चौकड्यांचे सुती रुमाल परदेशी जायचे. फ्रान्समधल्या कारागिरांनी पुढे छपाई फार बारीक केली. एकेका रंगासाठी छपाईची वेगळी जाळी, म्हणजे स्क्रीन. रंग दहा असले तर कापड दहा वेळा जाळीखालून जातं, आणि एकदा जरी केसभर सरकलं तरी फुकट. शेवटी कड. बोटांनी आतून बाहेर, छपाईच्या बाजूला वळायची आणि रेशमी दोऱ्याने, टाका दिसणार नाही अशी शिवायची. घेताना कडेवरून बोट फिरवा. गोल, भरीव लागली तर हाताची. चपटी लागली तर मशीनची.

माझा सगळ्यात जास्त खपलेला स्कार्फ कोलमचा. कोलम म्हणजे तिकडची ठिपक्यांची रांगोळी. मधे ठिपक्यांभोवती वळत गेलेली एकच रेघ, आणि चारही काठांवर तमिळ अक्षरांची ओळ, पुन्हा पुन्हा. 'दक्षिणेची ती सुंदर लिपी' म्हणून पुण्यातल्या बायकांनी तो उचलला. सोबतच्या कार्डावर मी छापलंय: 'माझ्या आजीच्या रांगोळीवरून.'

माझी आजी रांगोळी काढत नसे. ते कोलम अक्कांचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या मार्गळीत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या त्या पवित्र महिन्यात, आणि पोंगलच्या सणानंतरही काही दिवस, त्यांनी रोज दारात काढलेलं कोलम एका वहीत उतरवून ठेवलं होतं आणि प्रत्येकाखाली तमिळमध्ये एक ओळ लिहिली होती. वही त्यांनी मला बघायला दिली होती. बघायला. त्या देवळात गेल्या असताना मी बटर पेपर ठेवून एक पान उतरवून घेतलं. अक्षरंही. त्यांची वळणं मला फार आवडली होती. पंधरा वर्षं तो कागद माझ्याकडे पडून होता. मग त्याचा स्कार्फ झाला. अक्कांना द्यायच्या डब्यातलं कार्ड काढून टाकायचं, हेही मी गाडीतच ठरवून ठेवलं होतं. म्हणजे मला सगळं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी नव्हती. दुकानातली मुलगी, देवी, स्कार्फची घडी घालता घालता थांबली. काठ डोळ्यांजवळ नेऊन तिने इंग्रजीत विचारलं, "मॅडम, हे काय लिहिलंय?"

"तमिळ आहे ना? तूच सांग."

"अक्षरं तमिळ आहेत. भाषा नाही." ती हसली. "काहीतरी गंमतच आहे." आणि एकेक अक्षर जुळवत तिने मोठ्याने वाचलं, "आज्... पण्... आयि... आलि... नाहि."

पहिल्यांदा मला नुसते आवाज ऐकू आले. ती पुन्हा म्हणाली, जरा भरभर. आज पण आई आली नाही.

माझ्या हातातला चहा मी कुठे ठेवला ते आठवत नाही. अक्कांची शाळा तमिळ. मराठी त्या बोलायच्या, पण लिहायच्या तमिळ अक्षरांत, आणि हे मला माहीत होतं! त्यांची वाण्याची यादीसुद्धा तशीच असायची. तरी ती ओळ मराठी असेल असं कधी मनात आलं नाही. त्या ओळीचा अर्थ मी विचारला नाही, कारण विचारलं असतं तर अक्कांनी वही परत मागितली असती. माझ्या हाताने, बारीक पेन्सिलने, मी ते वाक्य गिरवलं होतं. मग जाळीवर चढवलं होतं. एका काठावर सात वेळा.

"अर्थ काय, मॅडम?" देवीने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुकान दुपारनंतर उघडणार होतं. नुंगंबाक्कम स्टेशनवरून तांबरमची लोकल थेट मिळते. तिकीट चहाच्या दरात, साधारण पाऊण तास. सकाळी उलट्या दिशेला गर्दी असते, तुम्हाला खिडकी मिळेल. स्टेशनसमोर वेण-पोंगल, म्हणजे तांदूळ-मुगडाळीची मऊ खिचडी, खाऊन घ्या. तूप, मिरे, काजू, आणि वर सांबार. मी मागवलं आणि अर्धं टाकलं.

अक्कांनी दार उघडलं. केस सगळे पांढरे, जाईचा गजरा तसाच. दारात भोपळ्याच्या पिवळ्या फुलाभोवती ताजं कोलम.

"कोण हो? अय्यो! पुण्याची पोर! किती लठ्ठ झालीस!" त्यांनी माझा दंड दाबून बघितला. "काफी होणं का?" त्यांच्या मराठीत 'होणं' म्हणजे हवं असणं. मी पहिल्या महिन्यात या शब्दाला हसले होते.

कॉफी आली. आतून राव मामा, त्यांचे यजमान, पेपर घेऊन येऊन बसले. त्यांना ऐकू कमी येतं, आवाज मात्र खणखणीत. मी डबा काढला, कार्डासकट, आणि स्कार्फ अक्कांच्या मांडीवर पसरला. कार्डावर आजीचं म्हणून छापलं ते सांगितलं. कागदाचं सांगितलं. रडायचं नाही एवढं ठरवून गेले होते, तेवढं जमलं.

अक्कांनी चष्मा लावला. बोट काठावर ठेवून वाचलं. मग स्कार्फ फिरवून दुसरा काठ वाचला, तिसरा, चौथा, जणू कुठे तरी वेगळं लिहिलेलं असेल.

"काय आहे ते?" मामा ओरडले. अक्कांनी त्यांच्या कानाशी वाचून दाखवलं. मामा पेपर मांडीवर आपटून खो खो हसले. "माझी सासू आली नाही म्हणून पुण्यात अस्क्यांनी गळ्यात बांधून घेतलं!" त्यांच्या मराठीत 'अस्के' म्हणजे सगळे.

"हसता काय? तुमच्याच आईनं मला माहेरी पत्र टाकू दिलं नव्हतं," अक्का म्हणाल्या. मामांना ते ऐकू आलं नाही, किंवा आलं. ते पेपरमागे गेले.

"किती जणांकडे आहे?"

"शंभरच्या वर."

"त्यांना वाचायला येतं?"

"नाही."

"सरी. मग बरं." त्यांनी स्कार्फची घडी घातली, कड कडेला नीट जुळवून. "विचारली असतीस तर मी दुसरं पान दिलं असतं."

मला वाटलं होतं त्या चिडतील. मी त्याची तयारी केली होती. याची नव्हती. मी घाईघाईने म्हणाले की कार्ड बदलते, तुमचं नाव घालते.

"माझं नाव कशाला? नाव घातलं की लोक विचारणार, हिची आई का आली नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ती आली होती, मुली. पोंगलचा सण झाल्यावर तिसऱ्या दिवशी, टोपलीभर मुरुक्कू, तुमच्या चकल्या, घेऊन. मीच रागानं दार उघडायला उशीर केला. ते कुठं आहे यात?"

ते यात नव्हतं. मी एकच पान उतरवलं होतं.

वही बघायला मागायचा धीर मी कसाबसा केला. "आत आहे," अक्का म्हणाल्या आणि उठल्या नाहीत. निघताना विचारलं, हे सगळं लिहू का? स्कार्फ त्यांनी डब्यात घालून माझ्या हातात परत ठेवला. "लिही. पण आई आली, तेही लिही."

म्हणून लिहिते आहे: त्यांची आई आली होती.

घरी येऊन दोन आठवडे झाले. तो स्कार्फ विकणं बंद केलंय. ज्यांनी घेतलाय त्यांना खरं काय ते कळवलं. चौघींनी उत्तर दिलं, एकीने लिहिलं की आता तर तो जास्तच आवडतो. चेन्नईच्या दुकानाच्या मालकीणबाईंनाही कळवलं, तर त्यांचा फोन आला. "अहो, ही तर कसली गोष्ट आहे! कार्डावर छापा, बघा कशी मागणी येते." मी नाही म्हणाले. पण 'नाही' म्हणायच्या आधी, अगदी क्षणभर, कार्डावर किती शब्द मावतील याचा मी हिशेब केला होता. अक्कांपुढे बसून झाल्यावरही. आपली सवय अशी असते हे या सहलीने मला दाखवलं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, इथे सांगतेय.

रोज सकाळी तासभर तमिळ अक्षरं गिरवते. क, ग, घ सगळ्यांना एकच अक्षर, त्यामुळे माझी मराठी मलाच परकी दिसते. काल पहिलं पत्र पुरं झालं, पाच ओळींचं, अक्कांच्याच पद्धतीने लिहिलेलं. चुका भरपूर असणार. शेवटची ओळ तेवढी चार वेळा तपासली. उत्तर 'नाही' असंच येईल याचा अंदाज आहे, आणि ते त्यांनी द्यावं असंच आहे. तरी टाकलं पत्र. ती ओळ अशी: अक्का, तुमची आई आली त्या दिवशीचं पान मला एकदा वाचून दाखवाल का?