आपल्या माणसाचा इन्हेरिटन्सचा तास

जबलपूरच्या बाजारात कुणी मराठी बोललं की माझ्या बाबांचे कान टवकारायचे. ओळख ना पाळख, लगेच गाव विचारणं, घरी चहाचं आमंत्रण. 'आपला माणूस' या दोन शब्दांवर त्यांनी जेवढा विश्वास टाकला तेवढा देवावरही टाकला नाही.

बाबा आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये अटेंडंट होते. सकाळी कुलूप उघडायचं, मशिनी पुसायच्या, पोरांना चपला बाहेर काढायला लावायच्या. मी तिथेच शिकायला गेले तेव्हा त्यांनीच बजावलं, "तिथं मले बाबा म्हणू नको. पोरं तुले सुखानं बसू देणार नाहीत." मला पटलं नाही, पण शब्द पाळला.

मग प्रोग्रामिंग शिकवायला नवे सर आले. वर्गात चोख हिंदी. पण एकदा ते फोनवर स्वतःच्या आईशी मराठीत बोलत असताना बाबांनी ऐकलं आणि झालं! दुसऱ्याच दिवशी गाठून सांगून टाकलं, "साहेब, माझी पोरगी तुमच्या वर्गात हाये. जरा लक्ष ठेवा."

सरांनी लक्ष ठेवलं. मेल्याचं लक्ष माझ्या वैऱ्याच्याही वाट्याला न येवो.

इन्हेरिटन्सचा, म्हणजे वारशाचा तास होता. एका क्लासवरून, म्हणजे प्रोग्राममधल्या एका साच्यावरून, दुसरा क्लास बनवायचा. पहिल्याला जे जे करता येतं, म्हणजे त्याची फंक्शन्स, ते दुसऱ्याला आपोआप मिळतं, एवढीच ती गोष्ट. फळ्यावर दोन चौकोन काढून भागलं असतं. सरांनी दारातल्या बाबांना आत बोलावून फळ्यापाशी उभं केलं आणि शेजारी मला.

"ये पैरेंट क्लास. पिताजी हैं इसके. इसमें फंक्शन एक ही है, ताला खोलना. अब बताओ, चाइल्ड क्लास को क्या मिलेगा?"

"ताला खोलना!" अख्खा वर्ग ओरडला आणि हसत सुटला. बाबाही हसत होते. किल्ल्यांचा जुडगा दोन्ही हातांत धरून मान डोलावत होते. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"सर, चाइल्ड क्लास उस फंक्शन को बदल भी सकता है," मी म्हणाले.

"वो अगले चैप्टर में है. बैठ जाओ."

पुस्तकात ते खरंच पुढच्या धड्यात होतं. त्या माणसाला विषय पक्का येत होता, याचा मला आजही राग येतो.

घरी येताच मी भांडायला उठले, "काहून सांगितलं तुम्ही त्याले?"

बाबा मात्र खुशीत जेवत होते. "अवं, आपला माणूस हाये म्हणून तर त्यानं मले तुझा बाप म्हणून सगळ्यांसमोर उभं केलं. बाकीचे तर मले नावानंही बोलवत नाहीत." मग घास हातातच ठेवून म्हणाले, "पण पोरं एवढी काहून हासून राहिली होती?"

बाबांशी खोटं बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. मी सोप्या मराठीत सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, "असं हाये का" म्हणाले आणि ताटातच हात धुतले.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या दारात पोरांचा घोळका उभा होता. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. मी मुद्दाम मोठ्याने हाक मारली, "बाबा!"

त्यांनी वर पाहिलं नाही. कुलूप काढलं, दार ढकललं आणि हिंदीत म्हणाले, "दीदी, चप्पल बाहर उतारिए."