रत्नपालदादांचा शनिवार

कात्री ते कधी कुणाच्या हातात देत नसत. बाजूला ठेवत, मग दुसऱ्याने उचलायची. चहा बशीत ओतून पीत आणि बशी उलटी करून ठेवत. रेक्झिन घेताना नखाने ओरखडत, मग कानाजवळ नेऊन दुमडत. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की मशीन चालू करत. आणि नवं कव्हर चढवण्याआधी सीटच्या फोमवर खडूने वार लिहीत. सोम. गुरू. शनि. त्या वाराला सीट तयार. कव्हर चढलं की वार झाकला जायचा.

"दिसत नाही तर लिहिता काऊन?" मी एकदा विचारलं.

"मले तं मालूम राहते नं," ते म्हणाले.

गोंदियाजवळच्या कुडव्यात रत्नपालदादांचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान होतं. वरच्या खोलीत मी शिकवणी घेते. एखाद्या कामाची खात्री द्यायची झाली तर आमच्या रस्त्यावर लोक म्हणत, "रत्नपालचा वार आहे, चुकणार नाही."

शेअर त्यांनी घेतले ते रेक्झिनमुळे. ज्या कंपनीचं रेक्झिन ते वर्षानुवर्षं कापत आले, ते उन्हात तडकत नसे. "जो मालात चोरी करत नाही, तो पैशात काऊन करन?" एवढाच त्यांचा अभ्यास. पुतण्याने फोनवर खातं उघडून दिलं. त्यांचं पाहून समोरचे किराणा दुकानदार मुन्नालाल यांनी घेतले. डबे पुरवणाऱ्या शामकलाबाईंनीही थोडे घेतले.

मग कंपनीने जाहीर केलं की शेतीच्या पाइपांचा धंदा वेगळा काढणार. त्याची नवी कंपनी होणार. ठरलेल्या तारखेला ज्याच्या नावावर जुना एक शेअर, त्याला नव्या कंपनीचा एक शेअर मिळणार.

मुन्नालाल खूश. "एक पे एक फ्री!" तारखेच्या आधी त्यांनी आणखी घेतले.

"फ्री नाही, भाऊ." दादांनी रेक्झिनचा एक तुकडा उचलला आणि मधोमध कापला. "एकाचे दोन झाले. रेक्झिन तेवढंच. पाइपाचा धंदा निघून गेला, तं जुन्याचा भाव उतरन. जे उतरन, ते नव्यात भेटन."

"तुम भी ना, रत्नपालभाऊ! शेअर बाजार म्हणजे काय मोपेडची सीट आहे?"

ठरलेल्या तारखेला सकाळी चारशेच्या घरातला भाव अडीचशेवर उघडला. नवे शेअर खात्यात नव्हते.

मुन्नालाल रस्ता ओलांडून धावत आले. "लुट गया मैं तो! तुमचा दुसरा तुकडा किधर है?"

"येते. शनिवारपर्यंत येते."

हा शनिवार चुकीचा होता. पूर्वी एकदा दादांना दुसऱ्या कंपनीचे बोनस शेअर मिळाले होते, ते चार दिवसांत आले होते. त्यांना वाटलं, हेही तसंच असेल. नव्या कंपनीचं तसं नसतं. आधी वाटप, मग खात्यात जमा, मग बाजाराची परवानगी. आठवडे जातात.

कंपनीची इंग्रजी सूचना मी नंतर वाचली. पानंच्या पानं. कलमं, पोटकलमं. उद्या भाव पडलेला दिसेल, घाबरू नका, उरलेला भाग अमुक दिवसांनी येईल, हे एक साधं वाक्य त्यात कुठेही नव्हतं. ज्यांच्याकडे लाखोंनी शेअर असतात, त्यांना हे समजावायला माणसं असतात. शामकलाबाईंना कोण होतं? दादा नको म्हणत असताना त्यांनी भाव पडला त्याच दुपारी रडत रडत जुने शेअर विकून टाकले.

एका माणसाला सगळं माहीत होतं. उमेंद्र. गोंदियात त्याचं शेअरचं ऑफिस आहे. रोज संध्याकाळी तो मुन्नालालच्या दुकानापुढे मोटरसायकल लावून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोळत बसतो. त्या आठवड्यातही बसला होता. लोक येता-जाता दादांना विचारत होते, "काय रत्नपाल, दुसरा तुकडा शिवून राहिला का?" उमेंद्र हसत होता.

शनिवार उजाडला. शेअर आले नाहीत. मुन्नालालच्या मोपेडची सीटही त्याच दिवशी द्यायची होती. दादा तिच्यावर कव्हर ताणून पिना मारत होते. मुन्नालाल चार-पाच जणांना घेऊन दारात उभे राहिले.

"आज शनिवार आहे, भाऊ."

"होऊन राहिली सीट. पाच वाजता घेऊन जा."

"सीट कौन पूछ रहा है? शेअर किधर है?"

"आले नाही. वार सांगाले मी चुकलो असन. पण येते."

मुन्नालाल लोकांकडे वळले. "गलती मेरी ही है. इन लोगों पे भरोसा करना ही नहीं था."

इन लोगों. कोणत्या लोकांवर, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. हेच मुन्नालाल चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत दुकानापुढे सरबत वाटतात आणि निळं उपरणं घालून फोटो काढून घेतात. एकानेही म्हटलं नाही की तोंड सांभाळा. मी जिन्यावरून ओरडले.

"मॅडम, आप ऊपर जाके पढाओ," मुन्नालाल म्हणाले.

दादांनी कात्री बाजूला ठेवली. मशीनवर कापड टाकलं. शटर ओढलं. किल्ली माझ्या हातात दिली आणि गेले. सोमवारी कळलं, ते रायपूरला मुलीकडे निघून गेले. आता तिथल्या कारखान्यात बसच्या सीटा शिवतात. रोजीने.

दिवाळी सरल्यावर नवे शेअर आले. शामकलाबाईंनाही आले. विकलेले शेअर नावावरून दुसऱ्या दिवशी जातात, त्या तारखेला नाव त्यांचंच होतं. त्या बंद शटरपुढे येऊन उभ्या राहिल्या. "त्यायनं सांगतलं होतं मले, इकू नको म्हणून," एवढंच म्हणाल्या.

नव्याचा भाव जुन्यात मिळवला तर आधीपेक्षा थोडा जास्तच होता. मुन्नालालनी पेढे वाटले. मी घेतला नाही. मी उमेंद्रला विचारलं, "वेळ लागतो हे तुला माहीत होतं. बोलला का नाहीस?"

"मले कोणी इचारलं?" तो म्हणाला, आणि पेढा खाल्ला.

माफीचा एक शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही. उलट मुन्नालाल मला विचारतात, "मॅडम, रत्नपालभाऊ कब आएंगे? नए वाले रखूं की बेचूं, पूछना था. और वो मेरी सीट..."

मी फोन लावला. "दादा, शेअर आले."

"मालूम हाय." मागे खूप मशीनींचा आवाज होता.

"मग या नं परत. तुमचं खरं निघालं."

"वार कोठी खरा निघाला?" ते म्हणाले. "अन् मुन्नालालची सीट राहून गेली. शनिवारची बोललो होतो मी त्याले."

आज मी दुकान उघडलं. मशीनवरचं कापड काढलं. सीट तशीच आहे. तीन बाजूंना पिना मारलेल्या. चौथी बाजू मोकळी आहे. तिथून रेक्झिन उचललं की फोमवरचा खडू दिसतो. शनि.