निळ्या गाडीवरचे काळे ठिपके

गडद रंगाची गाडी घेऊ नकोस, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. धूळ दिसते, ओरखडे दिसतात, उन्हात तापते. मी कोणाचं ऐकते थोडीच. गडद निळी गाडी घेतली, भाईंदरला जेसल पार्कातल्या आमच्या सोसायटीत आणून उभी केली आणि पहिल्याच वर्षात घोडबंदर रोडवरच्या डंपरांनी माझा माज उतरवला. पुढच्या डंपरमधून खडी उडते, बॉनेटवर आपटते आणि तेवढ्या जागेचा रंग उडून आतला पांढुरका थर दिसायला लागतो. पांढऱ्या गाडीवर हे खपून जातं. माझ्या गाडीवर तांदूळ सांडल्यासारखं दिसायचं.

त्यातून आमची खाडीकाठची हवा. टवका उडाला आणि तसाच सोडला तर बघता बघता गंज धरतो. म्हणून टवक्यांवर रंग लावायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. बाबा जन्मभर हाटकेशच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका गाळ्यात खोकी छापायचे, शाईचे रंग जुळवणं हे त्यांचं काम. दोन निळ्यांमधला फरक ते लांबूनच सांगायचे आणि लग्नाला निघताना ब्लाउज साडीला मॅच होत नाही असं म्हणून आईचा मूड घालवायचे. गाडी त्यांनी कधी चालवली नाही, पण रविवारी सकाळी टवके बुजवायचा मान त्यांचा. जागा धुवायची, सुकू द्यायची, बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवायचा, मग टच-अपच्या बाटलीतला रंग. झाकणाला ब्रश असतो, तो त्यांना मान्य नव्हता. काडीपेटीतल्या काडीच्या टोकाने ते एक थेंब ठेवायचे, तो वाळला की दुसरा. घाई केली की गाडीला देवी आल्यासारखं दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

मागची बाटली संपली म्हणून त्यांनी स्वतःच जाऊन नवी आणली. त्यानंतरच्या सोमवारी मी ऑफिसला निघाले तर उन्हात बॉनेटवर काळे ठिपके. निळ्यावर काळे. काही टवक्यांवर, काही टवक्यांच्या शेजारी, आणि एक तर पाण्याच्या सुकलेल्या डागावर. माझं डोकं फिरलं. दुकानदाराने म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात भलतीच बाटली मारली, याबद्दल मला शंकाच नव्हती. दिवसभर राग सांभाळून ठेवला आणि परतताना थेट भाईंदर पश्चिमेला त्या दुकानात गेले.

दुकानदाराने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, अंकल ने खुद बोला गाडी काली है. मैंने बोला, दरवाजे पे कलर कोड का स्टिकर होगा, देख के आओ. बोले, मेरे घर की गाडी का कलर मुझे नहीं मालूम क्या?"

भांडायला गेलेली मी भांडण न करताच परत फिरले. माझे थोरले काका रत्नागिरीला असायचे. त्यांचं विसरणं अशाच लहानसहान गोष्टींनी सुरू झालं होतं. आधी चहात मीठ, मग चप्पल फ्रीजवर, आणि शेवटी भेटायला आलेल्या सख्ख्या भावाला त्यांनी विचारलं, आपण कुठून आलात? तो सख्खा भाऊ म्हणजे बाबा. त्या रात्री गावाहून परतल्यावर ते जेवले नव्हते. आता रंगांमध्ये हयात घालवलेला हा माणूस निळ्या गाडीला काळी म्हणत होता.

घरी मी कोणाला काही बोलले नाही. फक्त बाबांची परीक्षा घ्यायला लागले. आज वार कोणता, लाइट बिल भरलं का, शेजारच्या मुलाची परीक्षा कधी आहे. उत्तरं सगळी बरोबर यायची, वर "माझी उलटतपासणी का चाललीय?" हे त्यांच्याकडून ऐकून घ्यावं लागायचं. तरी मी विचारतच राहिले. काकांचंही सुरुवातीला असंच होतं, कधी लख्ख, कधी नाही.

शेवटी बीपी दाखवायचं निमित्त काढून त्यांना आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंना बाजूला घेऊन गाडीचं आणि काकांचं सगळं सांगितलं. त्यांनी बाबांना पेपर वाचता येतो का विचारलं. बाबा म्हणाले, हल्ली पेपरवाले शाईच पातळ वापरतात, वाचणार काय. बाईंनी त्यांच्या डोळ्यांत टॉर्च मारला आणि आम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाले, डोळ्यावर पिवळट-तपकिरी पडदा येतो, त्यात निळा रंग आधी मरतो, गडद निळं तर काळंच दिसतं. मोतीबिंदू झालाय हे ऐकून आनंदाने कोणी रडल्याचं मी पाहिलेलं नाही. मी रडले. मला पेढे वाटावेसे वाटत होते. आई बिचारी ऑपरेशनच्या धास्तीने कोमेजली होती, आणि ही कार्टी हसतेय काय, रडतेय काय, म्हणून माझ्यावरच वैतागली.

ऑपरेशनं झाली, आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं. काही आठवड्यांनी बाबा सकाळी माझ्याबरोबर खाली आले. काळा चष्मा काढून त्यांनी बॉनेट पाहिलं. मग एका ठिपक्यावर नख घासत म्हणाले, "हे मी केलंय?"

मी हो म्हटलं.

"मग तेव्हाच का नाही बोललीस? तू तर कोणाला सोडत नाहीस."

मला थापा जमत नाहीत. म्हटलं, "बाबा, मला वाटलं, तुमचंही काकांसारखं सुरू झालं."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते बॉनेटला टेकून उभे राहिले.

"मलाही तेच वाटत होतं," ते म्हणाले. "समोरून माणूस यायचा, हसायचा, आणि कोण ते कळायचं नाही. म्हटलं, झालं, दादाचं तेच आपलं. तुझी आई घाबरेल म्हणून बोललो नाही."

संध्याकाळी खाडीवर फिरायला जाणं त्यांनी कधी बंद केलं, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. एकाच घरात, एकाच भीतीने आम्ही दोघं एकमेकांपासून तोंड लपवत होतो. मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला, हेही आमच्या घरात नवीनच.

तेवढ्यात आमच्याच मजल्यावरचे एक गृहस्थ दुधाची पिशवी घेऊन गेटातून आत शिरले. अजून बरेच लांब होते. बाबांनी त्यांना नावाने हाक मारली.