सातचा पाढा सुरभीकडं आहे

कौसल्याच्या टोळीत तण निंदायला जाणं हे गावात मानाचं समजलं जातं. राळेगावहून येणारी एसटी जिथं वळसा घालून परत जाते त्या फाट्यापासून दोन किलोमीटर आत हे गाव. घरं दीडशे, शाळा चौथीपर्यंत आणि निंदणाची टोळी एक. कौसल्याला कुणी मुकादम म्हणून नेमलं नव्हतं. तिच्याकडं तीन शेतं ओलांडून जाईल असा आवाज होता, आणि वावराकडं एकदा बघून "दहा बाया, दुपारचा चहा व्हायच्या आत" असं सांगणारी नजर होती. तेवढ्यावर तिचं राज्य बिनविरोध चाललं होतं.

या राज्याचा कायदा एकच, सावड. आज सगळ्या जणी माझ्या वावरात, उद्या सगळ्या तुझ्या. वावरात उतरलं की प्रत्येकीनं आपली पात धरायची, म्हणजे कपाशीच्या दोन ओळींमधली पट्टी, आणि या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, बांधापासून बांधापर्यंत, ती साफ करत न्यायची. दुसरीच्या पातीत हात घालायचा नाही. एकटीला आठ दिवस पुरणारं काम दहा जणी अर्ध्या दिवसात उडवतात आणि वर हसून खिदळून घरी येतात. ही रीत जगातल्या कुठल्याही कामाला लागू पडते असं कौसल्याचं ठाम मत होतं. पापड सावडीनं, लग्नाच्या पोळ्या सावडीनं. एकीचं नणंदेशी वाजलं तर दहा जणी जाऊन सावडीनं भांडून येत, आणि त्यातही प्रत्येकीचा विषय ठरलेला असे.

नवरा इंद्रजित वणीकडं कोळशाच्या ट्रकवर. आठवड्यातून एकदा घरी यायचा तेव्हा आधी नुसते डोळे यायचे, बाकीचा नवरा आंघोळीनंतर दिसायचा. त्याची कौसल्याला काळजी नव्हती. तिला भीती होती ती एकाच गोष्टीची. आपली लेक दीपा एक दिवस खुरपं उचलेल आणि टोळीत येऊन उभी राहील. टोळीवर तिचा जीव होता, पण दीपाला त्या टोळीत बघायचं तिच्या जिवावर आलं असतं. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे, कारण बोलली असती तर नऊ बायांनी सावडीनं तिची समजूत काढली असती.

दीपा चौथीत. वर्गात एकूण बारा पोरं. यंदा जुलैत त्यांच्या अर्पिता मॅडमना बारा दिवसांचं प्रशिक्षण निघालं. जाताना त्यांनी घरचा अभ्यास दिला, दोनपासून तेरापर्यंत पाढे, प्रत्येक पाढा दहा वेळा. दीपानं घरी येऊन दप्तर खाटेवर टाकलं आणि आईसमोर उभी राहिली.

"मॅडमले तेराचा पाढा येते. मंग थे मले काहून लिहाले लावते?"

  अभ्यास करायचा असतो, एवढं कौसल्याला पक्कं माहीत होतं. का करायचा असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ती शाळेत गेलीच नव्हती. दीपानं अट घातली. काहून ते सांग, नाहीतर मी उद्यापासून निंदाले येतो.

 कौसल्यानं इंद्रजितला फोन लावला. ट्रक लायनीत उभा होता, त्यामुळे तो निवांत होता. त्यानं सांगितलं की पोरीला म्हणावं, अभ्यास केला नाही तर ट्रकवर जावं लागते. फोन स्पीकरवर होता. दीपानं विचारलं, बाबा, तुम्ही केलता का अभ्यास? इंद्रजित अभिमानानं म्हणाला की दहावीपर्यंत एक दिवस चुकवला नाही. मग लायन पुढं सरकल्याचं सांगून त्यानं घाईनं फोन ठेवला.

मग कौसल्या नानाजींकडं गेली. नानाजी पोस्टमन म्हणून निवृत्त झालेले आणि गावातले सगळ्यात जास्त वाचलेले गृहस्थ, निदान पाकिटांवरचे पत्ते तरी. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि सांगितलं की घरचा अभ्यास न केल्यास गुरुजी छडी मारत, हेच अभ्यासाचं कारण. आता छडीला बंदी आली, म्हणजे कारण सरकारनंच काढून घेतलं. यावर अर्ज करावा लागेल, आणि मजकूर मी लिहून देतो, असंही ते म्हणाले.

कौसल्या तशीच परत निघाली. संध्याकाळची वेळ, दारं उघडी. पहिल्या घरात सुरभी ओसरीवर पालथी पडून पाढे लिहीत होती. तिसऱ्या घरात गोपाल लिहीत होता. बौद्धवाड्याच्या तोंडाशी भीमराज पेन्सिल चावत तेच लिहीत होता. कौसल्या रस्त्यात थांबली. बारा घरांत बारा लेकरं एकेकटी बसून एकच वावर निंदत होती. इतका अडाणीपणा तिनं उभ्या जन्मात बघितला नव्हता. शिकलेल्या माणसांची तिला खरोखर कीव आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाराही पोरं कौसल्याच्या अंगणात. तिनं पदर खोचला आणि पाती वाटल्या. दोनचा पाढा गोपालला, कारण तो सगळ्यात लहानखुरा. तीन कपिलला, सात सुरभीला, नऊ भीमराजला. तेराचा पाढा कडेचा आणि खडकाळ, तो दीपाला. मुकादमाच्या लेकीनं सोपी पात घ्यायची नसते. आज सगळ्यांनी दीपाची वही काढायची, उद्या गोपालची, परवा सुरभीची. वही फिरेल, ज्यानं त्यानं आपला पाढा दहा वेळा लिहायचा, दुसऱ्याच्या पाढ्यात हात घालायचा नाही. ज्याची वही त्याच्या घरी चहा आणि मुरमुरे.

दीपाला हे पटलं. का करायचं हा प्रश्न उरलाच नाही, कारण सावडीला का म्हणून कुणी विचारत नाही. बारा संध्याकाळी गावात बारा पाढ्यांचा गलका उठत होता, आणि कौसल्या पोरांच्या मागून फिरत "ओळ सरळ, ओळ सरळ" म्हणत होती. आयांनी समाधानानं हात जोडले. बाराव्या दिवशी बारा वह्या धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत साफ.

मॅडम प्रशिक्षणाहून आल्या आणि वह्या बघून भारावल्या. शंभर टक्के वर्गानं घरचा अभ्यास केल्याची घटना त्यांच्या नोकरीत पहिलीच. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक वहीत बारा हातांची अक्षरं आहेत आणि बाराही वह्यांत तीच बारा अक्षरं आहेत. त्यांनी चष्मा पुसला. मग त्यांनी दीपाला उभं केलं आणि विचारलं, सात सक किती?

दीपानं वर्गाच्या मधल्या रांगेकडं बघितलं. सगळ्या वर्गानं तिकडं बघितलं. तिथली एक जागा रिकामी होती.

"सातचा पाढा सुरभीकडं हाय, मॅडम," दीपा म्हणाली. "थे मामाच्या गावाले गेली. सोमवारी येते."

मॅडमनी कपिलला पाच चोक विचारलं. कपिल अदबीनं म्हणाला की पाच माझ्याकडं नाही, माझ्याकडं तीन आहे, तीनमधलं काही पाहिजे असेल तर सांगा. पाचवाला पोरगा उभा राहिला, वीस म्हणाला आणि खाली बसला. नऊ पंचे विचारलं तर भीमराज गप्प. त्याला येत होतं, पण काल गोट्यांवरून भांडण झाल्यामुळे तो या आठवड्यात कुणाला नऊ देणार नव्हता. मॅडमनी विनवण्या केल्या. वर्गानं समजावलं. तो म्हणाला, पहिले माह्या गोट्या.

त्या दुपारी मॅडम चिखल तुडवत वावरात आल्या. टोळी पातीला लागली होती. कौसल्या धुऱ्यावर आली आणि आधी आपली बाजू मांडली. एक अक्षर राहिलं असेल तर दाखवा, म्हणाली, आमच्या टोळीनं काढलेल्या वावरात मागून कुणाला काडी सापडत नाही. मॅडम वाद घालायच्या मनःस्थितीत नव्हत्या. त्यांनी एवढंच सांगितलं की मी दीपाला पाच प्रश्न विचारले, तिला एकाचं उत्तर आलं. तेही तेराचं.

 मॅडम गेल्यावर कौसल्या पातीला बसली आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिची पात सगळ्यांच्या मागं राहिली. आपण लेकीचं भलं करता करता वाटोळं केलं, असं तिला वाटलं, आणि ते कुणाच्या माथी मारायलाही जागा नव्हती.

घरी दीपा वाट बघत होती. वही भरली, शाळा रागावली, म्हणजे अभ्यासाला काही अर्थ नाही हे सिद्ध झालं असं तिचं म्हणणं. तिनं कोपऱ्यातलं खुरपं आधीच घासून ठेवलं होतं. रविवारी मी येतो, म्हणाली. कौसल्याला अडवता आलं असतं, पण अडवायचं तर पुन्हा काहून आलं. 

रविवारी दीपा टोळीत उभी राहिली. बायांना कोण कौतुक. लालीबाईनं तिच्या डोक्याला रुमाल बांधून दिला, कुणी तिला मधली पात दिली. कौसल्या शेजारच्या पातीला होती आणि मुद्दाम तिकडं बघत नव्हती. दीपा झपाझप पुढं निघाली. सगळ्यांच्या पुढं गेली. अर्ध्या पातीवर कौसल्यानं मान वर करून तिकडं बघितलं. दीपाच्या मागं कपाशीची कोवळी रोपं उपटून ओळीनं निजवलेली होती, आणि जे तण काढायचं ती रानभेंडी मात्र एकही न मोडता टवटवीत उभी होती. दोघींचं पान सारखंच असतं लहानपणी. दीपानं रानभेंडीच्या बुडाला मातीसुद्धा लावली होती. आणि वावर लालीबाईचं होतं.

लालीबाईचं तोंड उतरलं. दीपानं ते बघितलं. ती खुरपं टाकून धुऱ्यावर जाऊन बसली आणि रडू लागली. कौसल्या तिच्याजवळ गेली.

"तुले तण कसं वयखू येते?" दीपानं विचारलं. "तू काहून नाही चुकत?"

"मी लय चुकली," कौसल्या म्हणाली. "माह्या मायनं मले घरामागं खाटेएवढी जागा देली होती. त्यात थे कपाशी लावे अन् रानभेंडीबी लावे. मी रोज संध्याकाळी निंदो. उपटलं की थे पुन्हा लावे."

दीपानं नाक पुसलं. "रानभेंडी कोणी लावते का?"

"माही माय लावे."

"काहून?"

"मले चुकाले जागा पाह्यजे म्हणून. लोकायच्या वावरात चुकू नोको म्हणे, घरी चुकून घे."

हे बोलून झालं आणि कौसल्याच्याच लक्षात आलं. गेले पंधरा दिवस ती ज्या काहूनचं उत्तर शोधत नानाजींच्या अर्जापर्यंत जाऊन आली होती ते हेच होतं. दीपा लालीबाईच्या निजलेल्या रोपांकडं बघत राहिली. मग उठून म्हणाली, मी घरी जातो.

संध्याकाळी कौसल्या घरी आली तेव्हा दीपा नवी वही घेऊन एकटी बसली होती. सातचा पाढा. कौसल्या चुलीपाशी बसली. दीपा मोठ्यानं म्हणत लिहीत होती. सात सक बेचाळीस. सात सत्ते एकोणपन्नास. मग अडखळली, आढ्याकडं बघितलं आणि म्हणाली, सात आठे चोपन्न.

कौसल्याचा हात पिठात थांबला. सुरभी मोठ्यानं म्हणत लिही आणि लिहायला सगळ्यात हळू, म्हणून सावडीच्या बाराही संध्याकाळी कौसल्या फिरून तिच्याच पाठीशी येऊन बसायची. ऐकून ऐकून कौसल्यालाही सातचा पाढा आला होता. शाळेतली ती पहिलीच गोष्ट, जी तिला आली होती. तिला एवढं ओरडून सांगावंसं वाटलं की वणीला ट्रकवर ऐकू गेलं असतं. तिनं दात आवळले आणि भाकर थापली.

दीपा पुढं गेली. सात नव्वे त्रेसष्ट. मग थांबली. बोटं मोजली. मागं आली. पुन्हा बोटं मोजली, रबरानं खोडलं आणि लिहिलं. मग तिनं वर बघितलं.

"माय, छप्पन. बराबर हाय का?"

"मले काय माईत?" कौसल्या तव्याकडं तोंड करून म्हणाली. "मी कोठी शाळेत गेली?"