बायकोच्या सायकलचा आरसा

छत्तीस-छत्तीस स्पोकची दोन चाकं, मागचं कॅरियर, ताडपत्रीच्या पिशव्या आणि हँडलवरचा आरसा. मंडळी, अनघाच्या सायकलवरचं हे सगळं मी स्वतःच्या हातांनी केलंय, कुठल्याही क्लासला न जाता. आरसा मात्र तिच्या आईच्या कुंकवाच्या पेटीतला.

महिन्यापूर्वी बस अगदी खेटून गेली, तेव्हापासून बायको रस्त्यावर सायकल काढेना. आरसा त्यासाठीच लावला.

आज सकाळी इथे सिंगापूरच्या रेल कॉरिडॉरवर, जुन्या रेल्वेमार्गावरून, झाडीतले बारा किलोमीटर मजेत झाले. मागे बघायची गरजच नव्हती. पुढे वन-नॉर्थ भागातल्या हॉकर सेंटरपर्यंत, म्हणजे खाण्याच्या स्टॉलपर्यंत, सातशे मीटर गाड्यांचा रस्ता होता. पन्नास मीटरवरच ती थांबली.

"अहो, यात नुसतं आभाळ दिसतंय!"

आरसा मी मिलिमीटर मोजून लावला होता, पण सीटवर स्वतः बसून! मी पाच फूट दहा, ती पाच फूट एक. हसू नका. तुम्हीही घरच्यांच्या सायकली स्वतःच्याच उंचीने जुळवल्या नाहीत ना?

फुटपाथवर सायकल धरून तिला बसवलं. ती "अजून खाली" म्हणत गेली, मी आरसा फिरवत गेलो.

मग ती पुढे, मी मागे. बस आली. मी ओरडणार, तोच तिचा आवाज आला, "दिसली हो मला! तुम्ही नीट चालवा."

कॉफी पिताना शेजारच्या टेबलावरचे चिनी अंकल आरसा निरखत होते. "सेल टू मी लाह!"

मी नकारार्थी मान हलवली. शंभर डॉलर देत होते, तरी!